ब्रुसिलोवची सही

मागच्या अंकात पहिल्या महायुद्धावर लिहिताना रशियाच्या जनरल ब्रुसिलोवला मी एका वाक्यात उरकलं होतं. त्याचा दंड म्हणून या महिन्यात त्याच्यावर पाच पत्रं आली. चार कुतूहलाची, एक चांगलंच तापलेलं. तेव्हा या वेळी सगळं पान त्यालाच. डिचोलीच्या वाचकांचा कदंबांच्या नाण्यांचा प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलतो, त्यांनी रागावू नये.

प्रश्न : सर, आमच्या घरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना भाड्याने देतो. दर हिवाळ्यात एक रशियन आजी दोन महिने येऊन राहतात. त्या उशाशी एका लष्करी माणसाचा जुना फोटो ठेवतात, त्यांच्या आजोबांचा. तुमचा लेख वाचून मी त्यांना ‘ब्रुसिलोव’ एवढंच म्हटलं, तर एकदम उठून फोटोच घेऊन आल्या. मोबाइलवरच्या भाषांतरात आलं, ‘ब्रुसिलोवचा माणूस.’ मी विचारलं, म्हणजे झारचा की लेनिनचा? त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हसल्या. हा ब्रुसिलोव नक्की कुणाचा? (मांद्रे, पेडणे)

उत्तर : ताई, आजींनी दोन्ही हात वर केले, ते बरोबरच आहे. दोघांचाही म्हणा, नाहीतर कुणाचाच नाही म्हणा.

अलेक्सेय ब्रुसिलोव १८५३ साली तिफ्लिसला जन्मला. आज त्या शहराला तिबिलिसी म्हणतात आणि ते जॉर्जियाची राजधानी आहे. बाप रशियन जनरल, आई पोलिश घराण्यातली. दोघंही तो लहान असतानाच गेली. मावशीने कुताइसीत वाढवला आणि पुढे सेंट पीटर्सबर्गच्या पेज कोअरमध्ये घातला. ही बड्या घरच्या मुलांची लष्करी शाळा. तिथून १८७२ साली तो त्वेर ड्रॅगून या घोडदळाच्या पलटणीत गेला, १८७७-७८ च्या तुर्की युद्धात आर्दाहान आणि कार्सला लढला. इथपर्यंत सगळं चारचौघांसारखं.

मग त्याने जे केलं ते महत्त्वाकांक्षी अधिकारी सहसा करत नाहीत. पीटर्सबर्गच्या घोडदळ अधिकाऱ्यांच्या शाळेत शिकवायला गेला आणि विशीतिशीतल्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवत तिथेच वीस वर्षांहून जास्त राहिला. १९०२ मध्ये त्या शाळेचा प्रमुख झाला. जनरल स्टाफ अकादमीची पायरी तो कधी चढला नाही, आणि त्या काळी वर जायचं तर वाट तिथूनच जायची. त्यामुळे अकादमीवाले त्याला मनातून घोडेमास्तरच समजत. मीही छत्तीस वर्षं मास्तर होतो, तेव्हा या माणसाविषयी माझा कल कुठे असणार हे आधीच सांगून टाकतो.

१९१४ च्या उन्हाळ्यात तो बायकोला घेऊन जर्मनीत बाड किसिंगनला हवापालटाला गेला होता. एका संध्याकाळी बागेत बँड, रोषणाई, आतषबाजी. मधोमध मॉस्कोच्या क्रेमलिनची मोठी प्रतिकृती उभी केलेली. सगळ्यांच्या देखत तिला आग लावली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. ब्रुसिलोव नवराबायको त्या गर्दीत गप्प उभे होते. काही आठवड्यांत युद्ध पेटलं आणि हा आठव्या सैन्याचा सेनापती होऊन ऑस्ट्रियाच्या गॅलिशियात शिरला. वय साठीच्या पलीकडे.

प्रश्न : आमच्या पाठ्यपुस्तकात ‘ब्रुसिलोव आक्रमण, १९१६’ यावर दोन ओळी आहेत. त्याने नवीन असं काय केलं? परीक्षेत विचारतील अशी भीती आहे. (बी.ए. दुसरं वर्ष, साखळी)

उत्तर : विचारतील असं वाटत नाही, पण समजून घे. लढाया बहुधा गावाच्या नाहीतर नदीच्या नावाने ओळखल्या जातात. ही माणसाच्या नावाने ओळखली जाते, तिथेच काय ते आलं.

तोवरची रीत अशी : सगळ्या तोफा एका ठिकाणी गोळा करायच्या, दिवसेंदिवस भडिमार करायचा आणि मग पायदळाला धावायला सांगायचं. पण इतका गाजावाजा झाल्यावर हल्ला कुठे होणार हे समोरच्याला कळणारच. तो आपली राखीव फौज बरोबर तिथे आणून ठेवायचा. १९१६ च्या मार्चमध्ये नारोच तलावापाशी रशियाने याच रीतीने सुमारे एक लाख माणसं गमावली आणि जमीन काही हाती लागली नाही.

त्याच महिन्यात ब्रुसिलोवला नैर्ऋत्य आघाडी मिळाली. १४ एप्रिलला मोगिल्योवच्या मुख्य छावणीत झारसमोर बैठक बसली. एव्हर्ट आणि कुरोपात्किन या बाकीच्या दोन आघाड्यांच्या सेनापतींचं तेच रडगाणं, तोफगोळे नाहीत, आत्ता हल्ला नको. हा नवा गडी म्हणाला, मी करतो. जादा तोफा मिळणार नाहीत असं सांगितलं, तेही कबूल केलं.

आता आपल्याकडचं उदाहरण घे. मोठं भाट, म्हणजे नारळीची बाग, आहे आणि राखणदार एकच. रात्री एका कोपऱ्यात नारळ पडल्याचा आवाज आला तर तो दांडा घेऊन तिकडे धावेल. पण चारी कोपऱ्यांत एकदमच नारळ पडायला लागले तर? मधोमध उभा राहून नुसता ओरडत बसेल. ब्रुसिलोवने हेच केलं. त्याच्या हाताखाली चार सैन्यं होती. प्रत्येकाने आपापली फट पाडायची. शिवाय त्यांतल्या काही कोअरनीही (सैन्यातल्या मोठ्या तुकड्यांनी) आपल्या जागी तशीच तयारी करायची. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या आघाडीवर वीसपेक्षा जास्त ठिकाणी फावडी चालू झाली. रशियनांतला एखादा पळून पलीकडे गेला तरी तो काय सांगणार? आमच्याकडे खणताहेत एवढंच, आणि खणत तर सगळीकडेच होते.

खणणं नीट बघ, कारण सगळी गंमत तिथे आहे. आपल्या खंदकांतून पुढे चिंचोळे चर काढत काढत रशियन सैनिक ऑस्ट्रियन काटेरी तारांपासून काही ठिकाणी शंभर मीटरच्या आत पोचले. मागे जमिनीखाली मोठाल्या खोल्या खणल्या, म्हणजे राखीव सैनिक तोफेच्या माऱ्यापासून वाचून अगदी पुढे येऊन थांबतील. विमानातून शत्रूच्या खंदकांचे फोटो काढले आणि त्यांवरून केलेले नकाशे खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत वाटले. आपल्या पिछाडीला ऑस्ट्रियन खंदकांची हुबेहूब नक्कल खणून तिच्यात सैनिकांकडून हल्ल्याची तालीम करून घेतली. कुठल्या तोफेने कुठलं मशिनगनचं घरटं उडवायचं ते आधीच ठरलेलं. आणि म्हातारा स्वतः आघाडीवर फिरून हे सगळं बघायचा. कागदावरच्या ‘काम पूर्ण’वर त्याचा विश्वास नव्हता.

४ जून १९१६ ला मारा सुरू झाला. नेम धरून, थांबून थांबून, आवश्यक तेवढाच. तोफा थांबल्या की हल्ला आला समजून ऑस्ट्रियन वर यायचे, तर पुन्हा मारा. खरा हल्ला आला तेव्हा बरेच जण तळघरांतच सापडले. ७ जूनला लुत्स्क पडलं, १८ जूनला चेर्नोव्हित्झ. उन्हाळा संपेपर्यंत सुमारे चार लाख कैदी हाती लागले. ऑस्ट्रियाला इटलीवरची चढाई आवरती घ्यावी लागली, जर्मनांना पश्चिमेकडून फौजा हलवाव्या लागल्या, आणि रुमानिया ऑगस्टमध्ये दोस्तांच्या बाजूने उतरला. जर्मन टेकूशिवाय मोठी मोहीम करण्याची ऑस्ट्रियाची ताकद यानंतर राहिली नाही.

पण पुस्तकात नसतं तेही लिहून ठेव. एव्हर्टने शेजारून हल्ला करायचा होता, तो टाळत राहिला आणि जुलैत केला तो बारानोविचीला फसला. आणि ब्रुसिलोवने? त्याने जुलै-ऑगस्टमध्ये कोवेल घ्यायच्या हट्टाने स्तोखोद नदीच्या दलदलीत पुन्हा पुन्हा माणसं लोटली, जुन्याच रीतीने. झारची खास गार्ड फौज तिथे चिखलात संपली. रशियाची एकूण हानी पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत सांगतात. जी चूक इतरांची म्हणून त्याने दाखवून दिली होती, तीच त्याने स्वतः केली. उत्तरपत्रिकेत हे लिहिलंस तर गुण जातील की वाढतील ते तुझ्या परीक्षकावर.

प्रश्न : काही पुस्तकांत आक्रमणाची तारीख २२ मे दिली आहे, काहींत ४ जून. खरी कुठली? (वास्को)

उत्तर : दोन्ही. रशियात १९१८ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, विसाव्या शतकात ते तेरा दिवस मागे चाले. म्हणूनच ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो.

प्रश्न : ब्रुसिलोवची बायको थिऑसॉफी या गूढविद्येच्या पंथाच्या मादाम ब्लाव्हाट्स्कींची नातलग होती असं ऐकलं. खरं का? (पणजी)

उत्तर : खरं. ही दुसरी बायको, नादेज्दा झेलिखोव्स्काया, लग्न १९१० चं. तिची आई वेरा ही ब्लाव्हाट्स्कीबाईंची धाकटी बहीण. म्हणजे बाई नादेज्दाची मावशी. ही मावशी १८७९ च्या फेब्रुवारीत कर्नल ऑलकॉटसोबत मुंबईत उतरली, गिरगावात बिऱ्हाड केलं आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला गेली. खुद्द जनरललाही गूढविद्येचं वेड होतं. गिरगावातली मावशी आणि लुत्स्कचा जावई! इतिहासात असली नाती मला युद्धांपेक्षा जास्त आवडतात, पण जागा नाही.

प्रश्न : तुम्ही ब्रुसिलोवला ‘मोठा सेनापती’ म्हटलंत याचं आश्चर्य वाटलं. झारचं मीठ खाल्लेला हा माणूस झार पडताच क्रांतीवाल्यांचा झाला, पुढे लेनिनच्या बोल्शेविकांचा. त्याच्या सहीवर विश्वास ठेवून क्रिमियात व्हाईट, म्हणजे बोल्शेविकविरोधी, सैन्याचे अधिकारी शरण आले आणि गोळ्या खाऊन मेले. अशा फितुराला तुम्ही मोठा म्हणता? (मडगाव)

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. तुमचा राग अर्धा खोटा आहे आणि अर्धा खरा. आधी खोटा अर्धा.

१९१७ च्या मार्चमध्ये झारने गादी सोडावी का, असं झारच्या मुख्य छावणीतल्या जनरल अलेक्सेयेवने सगळ्या आघाड्यांच्या सेनापतींना तारेने विचारलं. ब्रुसिलोव हो म्हणाला. पण एव्हर्टही हो म्हणाला, आणि कॉकेशसवरून ग्रँड ड्यूक निकोलायही, जो झारच्या रक्ताचा. मीठ सगळ्यांनीच खाल्लं होतं. फितूर म्हणायचं तर सगळ्यांनाच म्हणा, एकट्या घोडेमास्तराला का?

जूनच्या सुरुवातीला झारनंतर आलेल्या हंगामी सरकारने त्याला सरसेनापती केलं. मोगिल्योवला तो दाखल झाला तेव्हा मानवंदनेला सैनिक बंदुका धरून उभे. नवा सरसेनापती रांगेतून चालत एकेका साध्या शिपायापुढे हस्तांदोलनाला हात करू लागला. दोन्ही हात बंदुकीवर, आता हा जनरलचा हात धरायचा कशाने? पोरं गोंधळली, बाजूला उभ्या अधिकाऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक याला ढोंग म्हणाले. मला तो नव्या शाळेत पहिल्या दिवशी मुलांशी जरा जास्तच गोड बोलणारा मास्तर वाटतो. रशियाचं जुलैचं नवं आक्रमण कोसळलं, पलटणी हुकूम मतदानाला टाकू लागल्या आणि दोन महिन्यांच्या आत त्याच्या जागी जनरल कोर्निलोव आला.

ऑक्टोबर क्रांतीत मॉस्कोत रस्त्यावर लढाई चालू असताना एक तोफगोळा याच्याच घरात शिरला. पायाची चाळण झाली. आयुष्यभर युद्धं केली आणि मोठी जखम मिळाली ती घरात बसून. व्हाईटवाल्यांनी बोलावलं, हा देश सोडून गेला नाही. १९१८ मध्ये बोल्शेविकांनी पकडून तुरुंगात टाकलं, सोडल्यावर घरात नजरकैद. तेव्हा झार पडताच बोल्शेविक झाला हे काही खरं नाही.

मे १९२० मध्ये पोलिश फौजांनी कीव्ह घेतलं. म्हाताऱ्याच्या लेखी हा लाल-पांढऱ्याचा, म्हणजे बोल्शेविक की व्हाईट असा, प्रश्न राहिला नाही, परका घरात शिरला होता. ३० मेला जुन्या अधिकाऱ्यांना उद्देशून आवाहन निघालं : झालं गेलं विसरा आणि लाल सैन्यात भरती व्हा. ब्रुसिलोवसोबत माजी युद्धमंत्री पोलिवानोवसारख्यांच्याही सह्या होत्या. लाल सैन्यात झारचे हजारो अधिकारी आधीच होते, काही भीतीने, काही भाकरीसाठी. ब्रुसिलोवच्या नावाने त्यांना मान वर करायला जागा दिली. इथपर्यंत मी त्याच्या बाजूने आहे.

आता तुमचा खरा अर्धा. त्याच वर्षी सप्टेंबरात क्रिमियातल्या व्हाईट सैन्याचा सेनापती जनरल व्रांगेल याच्या अधिकाऱ्यांसाठी पत्रक निघालं, शरण या, माफी मिळेल. सह्या लेनिन, युद्धमंत्री ट्रॉट्स्की, आणि ब्रुसिलोव. मागाहून त्याने स्वतः लिहिलंय की ट्रॉट्स्कीच्या उपमंत्र्याने येऊन सांगितलं, व्रांगेलचे अधिकारी शरण यायला तयारच आहेत, त्यांचं नेतृत्व तुमच्याकडे येईल. याने विश्वास ठेवला. नोव्हेंबरात क्रिमिया पडलं आणि मागे राहिलेले अधिकारी हजारोंनी गोळ्या घालून मारले गेले.

इथे मला माझे वडील आठवतात. ते पोर्तुगीज अमदानीत कामरमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, कारकून होते. अक्षर असं की पापेल सेलादवर (सरकारी मुद्रांकित कागदावर) लिहिलेला अर्ज छापल्यासारखा दिसे. १९६१ च्या डिसेंबरात मी नऊ वर्षांचा होतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याचा गव्हर्नर जनरल व्हासालू ई सिल्व्हाला हुकूम सोडला होता, जिंका नाहीतर मरा. त्याने तो मोडून १९ तारखेला शरणागती दिली. लिस्बनने त्याला १९६३ मध्ये लष्करातून काढून टाकलं आणि १९७४ च्या क्रांतीनंतर परत घेतलं. त्याच्या देशात तो फितूर ठरला, पण तो फितूर झाला म्हणून किती पोरांचे जीव वाचले ते तुम्हीच बघा. काही दिवसांनी बाबा पुन्हा त्याच टेबलाशी जाऊन बसले. शेजारचा एकजण आमच्या पडवीत येऊन म्हणाला, ‘कालपर्यंत पाखल्यांचा (पोर्तुगिजांचा) चाकर, आज ह्यांचा.’ बाबा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, ‘घरपट्टीच्या वह्या कुणी तरी सांभाळायला नकोत? वह्या काय पाखल्यांच्या होत्या?’ मग चाळिशीत इंग्रजी टायपिंग शिकले, दोन बोटांनी, रात्री कंदिलाशी बसून.

पण बाबांची एक खोड होती. पोर्तुगीज असो की इंग्रजी, कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नसत. साहेब दारात ताटकळत उभा राहिला तरी नाही. एकदा एका वरिष्ठाने गोड बोलून कोरा अर्ज पुढे केला. बाबांनी टाकाला टोपण लावलं आणि पाणी प्यायला उठून गेले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत आले नाहीत.

१९१६ चा ब्रुसिलोव असाच होता. चर किती पुढे गेला हे स्वतः बघितल्याशिवाय त्याने कुणाचं ऐकलं नाही. तोच माणूस १९२० मध्ये एका गोड बोलणाऱ्या पाहुण्याच्या तोंडच्या शब्दावर सही देतो. कुठे आहेत ते अधिकारी, किती आहेत, कोण बोललं त्यांच्याशी, एक प्रश्न नाही. झार सोडला याला मी फितुरी म्हणत नाही. या सहीबद्दल मात्र त्याला माझ्याकडूनही माफी नाही, आणि त्याने स्वतःलाही फारशी दिलेली दिसत नाही. पुढे त्याला घोडदळाचा निरीक्षक केलं, म्हणजे फिरून घोड्यांपाशीच आणलं. १९२५ मध्ये उपचाराला चेकोस्लोव्हाकियातल्या कार्ल्सबाडला गेला असता त्याने आठवणींचा दुसरा भाग लिहिला, बोल्शेविकांविषयी कडू कडू. १७ मार्च १९२६ ला मॉस्कोत गेला, नोवोदेविची मठात पुरला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते हस्तलिखित प्रागहून मॉस्कोला पोचलं, तसं सोव्हिएत पुस्तकांतून त्याचं नाव काही वर्षं गायब झालं. मेल्यावरही एका बाजूला निवांत पडू दिलं नाही.

‘मोठा सेनापती’ हे शब्द मी मागे घेत नाही. ‘मोठा माणूस’ असं मी लिहिलं नव्हतं, अंक पुन्हा बघा.

मांद्र्याच्या ताई, तुमच्या आजींच्या फोटोचं राहिलंच. पुढच्या खेपेला फोटो उजेडात धरून खांदे बघा. खांद्यांवर रुंद पट्टे असतील तर फोटो झारच्या काळचा, फार तर १९१७ चा, किंवा मग पुढे व्हाईट सैन्यातला, कारण त्यांनी पट्टे ठेवले होते. बोल्शेविकांनी ते काढून टाकले आणि थेट १९४३ मध्ये परत आणले. खांदे मोकळे असतील तर टोपी बघा, तिच्यावर पाच टोकांचा तारा दिसतो का. दिसला तर आजोबा आवाहन वाचून गेलेल्यांपैकीही असू शकतील. आजींना विचारा आणि मला पोस्टकार्ड टाका. फोटोच्या पाठीमागे काही लिहिलेलं असलं तर तेही उतरवून पाठवा. रशियन अक्षरं येत नाहीत म्हणून अडू नका, चित्रासारखी काढा.